समेट घडवणारा संघप्रमुख : हर्मन फॉन साल्झा



आपल्या या पत्रकातून आपण बहुधा संतांची चरित्रे वाचतो. आज आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते संत नाहीत. ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिलेले नाही, त्यांच्या नावाचा सण नाही, आणि त्यांच्या काळात त्यांच्या संघाकडून घडलेल्या सगळ्याच गोष्टींना आज आपण होकार देऊ शकणार नाही. तरीही त्यांचे आयुष्य आपल्याला ठाऊक असावे असे आम्हांला वाटते. भांडणाऱ्या दोघांमध्ये समेट घडवण्याचे काम किती चिकाटीचे असते, आणि त्याला मर्यादा कुठे पडतात, हे त्यांच्या चरित्रातून फार स्पष्ट दिसते.

त्यांचे नाव हर्मन फॉन साल्झा. जर्मन क्रूसयोद्ध्यांचा जो ट्युटॉनिक संघ इतिहासात प्रसिद्ध आहे, त्याचे ते चौथे प्रमुख. १२०९ च्या सुमारास त्यांनी ही जबाबदारी स्वीकारली आणि १२३९ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे तीस वर्षे, ती सांभाळली.

शिडाखालचे इस्पितळ

हर्मन यांची ओळख करून घेण्याआधी त्यांच्या संघाची ओळख करून घ्यायला हवी. ११९० साली पवित्र भूमीतील आक्को या बंदराला क्रूसयोद्ध्यांनी वेढा घातला होता. छावणीत तलवारीपेक्षा रोगराईने अधिक माणसे मरत होती. जर्मन सैनिकांची भाषा इतरांना कळेना आणि त्यांची शुश्रूषा करायला कोणी पुढे येईना. तेव्हा जर्मनीतील ल्युबेक आणि ब्रेमेन या शहरांच्या व्यापाऱ्यांनी आपल्या जहाजाचे शीड काढून त्याचा आडोसा केला आणि त्याखाली एक छोटे इस्पितळ सुरू केले. एका मोठ्या संघाची सुरुवात ही अशी झाली.

पुढे ११९८ साली या सेवाभावी मंडळीला लढाऊ संघाचे रूप देण्यात आले आणि ११९९ साली पोप इनोसंट तिसरे यांनी त्याला मान्यता दिली. आजाऱ्यांच्या सेवेसाठी हॉस्पिटलर संघाचा नियम आणि युद्धासाठी टेम्पलर संघाचा नियम, असे दोन्ही नियम या संघाने स्वीकारले. या संघाचे बंधू दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तिन्ही व्रतांनी बांधलेले असत. पांढरा झगा आणि त्यावर काळा क्रूस ही त्यांची खूण. पांढरा झगा हा आमचाच मान आहे, असे म्हणून टेम्पलर संघाने त्यावरून बराच वाद घातला. क्रूसाची खूण अंगावर वागवणाऱ्या दोन संघांनी झग्याच्या रंगावरून भांडावे, हे वाचून हसू येते. पण अशी भांडणे आपणही पाहिली आहेत.

चाकरी करणाऱ्या घराण्यातला मुलगा

हर्मन यांचा जन्म जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात, साल्झा या गावाच्या घराण्यात झाला. आज ते गाव बाड लांगेनसाल्झा या नावाने ओळखले जाते. त्यांच्या जन्माचे साल निश्चित नाही. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो झाला. हे घराणे फार मोठ्या सरदारांचे नव्हते. थुरिंगियाच्या अधिपतींच्या पदरी चाकरी करणाऱ्या, घोडा आणि तलवार बाळगणाऱ्या, पण कायद्याने धन्याच्या बांधिलकीत असलेल्या वर्गातले ते होते. मोठ्यांच्या घरात वावरायचे, पण मोठे म्हणून नव्हे, हा अनुभव त्यांना घरातूनच मिळाला असावा. पुढे पोप आणि सम्राट यांच्यासमोर उभे राहताना तो त्यांना उपयोगी पडला असेल, असे आम्हांला वाटते.

ते संघप्रमुख झाले तेव्हा संघाची स्थिती फारशी चांगली नव्हती. माणसे थोडी, पैसा थोडा, आणि टेम्पलर व हॉस्पिटलर या जुन्या संघांच्या सावलीत राहायचे. संघाच्या एका जुन्या इतिवृत्तात एक आठवण आहे. शस्त्रसज्ज असे अवघे दहा नाइट मिळणार असतील तर आपला एक डोळा द्यायचीही तयारी आहे, अशा अर्थाचे काही हर्मन त्या दिवसांत बोलले होते म्हणे. ती गोष्ट जशीच्या तशी घडली की नाही ते बाजूला ठेवू. पण संघ किती अशक्त होता हे त्यावरून कळते.

त्याच सुमारास, १२११ साली, हंगेरीचा राजा अँड्र्यू दुसरा याने संघाला ट्रान्सिल्व्हानियातील बुर्त्सनलांड हा सीमेवरचा प्रदेश दिला. बाहेरून चाल करून येणाऱ्या कुमान टोळ्यांपासून त्यांनी त्या सीमेचे रक्षण करावे अशी अट होती. संघाने तिथे किल्ले बांधले, वस्ती केली. पण पुढे १२२४ साली संघाने तो प्रदेश थेट पोपच्या आश्रयाखाली घेण्याची खटपट केली. आपण दिलेली जमीन आपल्याच हातून निसटते आहे असे राजाला वाटले आणि १२२५ साली त्याने सैन्य पाठवून संघाला तिथून हाकलून दिले. चौदा वर्षांची मेहनत वाया गेली. हा धडा हर्मन विसरले नाहीत. तो धडा त्यांना कुठे घेऊन गेला, ते पुढे येईलच.

याच राजाची मुलगी म्हणजे आपल्या परिचयाच्या हंगेरीच्या संत एलिझाबेथ. ज्या १२११ साली संघाला हंगेरीत जमीन मिळाली, त्याच साली चार वर्षांच्या एलिझाबेथला लग्नासाठी थुरिंगियाच्या दरबारात, म्हणजे हर्मन यांच्या मायभूमीत, पाठवण्यात आले. हे दोन धागे पुढे पुन्हा एकत्र येणार होते.

दमिएताचा धडा

१२१७ साली पाचवे क्रूसयुद्ध सुरू झाले. यावेळी थेट जेरुसलेमवर न जाता इजिप्तवर चाल करण्यात आली. नाईल नदीच्या मुखाजवळील दमिएता हे शहर दीर्घ वेढ्यानंतर नोव्हेंबर १२१९ मध्ये क्रूसयोद्ध्यांच्या हाती लागले. वेढा चालू असताना सुलतान अल्-कामिल याने समेटाचा प्रस्ताव पाठवला होता. इजिप्त सोडून द्या, त्या बदल्यात जेरुसलेम घ्या, असा त्याचा आशय होता. पोपचे प्रतिनिधी कार्डिनल पेलाजियस यांनी तो नाकारला. अधिक मिळवण्याच्या आशेने सैन्य १२२१ साली कैरोच्या दिशेने निघाले, नाईलच्या पुरात अडकले आणि शरण आले. दमिएताही परत द्यावे लागले. शहर रिकामे करण्याची ही कडू बातमी दमिएतातील लोकांना सांगण्यासाठी ज्यांना पाठवले गेले, त्यांत टेम्पलर संघाचे प्रमुख आणि हर्मन फॉन साल्झा होते.

याच वेढ्याच्या काळात, १२१९ साली, असिसीचे संत फ्रान्सिस त्या छावणीत आले होते. हातात शस्त्र न घेता ते सुलतानाकडे गेले, त्याच्याशी बोलले आणि सुखरूप परतले. संत फ्रान्सिस आणि हर्मन यांची भेट झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण दहा वर्षांनंतर त्याच सुलतानाशी, रक्त न सांडता, जो करार झाला त्यात हर्मन यांचा वाटा होता. युद्धाने जे मिळाले नाही ते बोलण्याने मिळू शकते, हे नाईलच्या चिखलात त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

शपथ आणि सोने

आता या कथेतील दुसरी मोठी व्यक्ती पुढे येते : सम्राट फ्रेडरिक दुसरा. बुद्धिमान, बहुभाषी, विद्येचा चाहता, आणि तितकाच हट्टी. १२१५ साली आखेन येथे त्याने क्रूसयुद्धाला जाण्याची शपथ घेतली. १२२० साली रोममध्ये त्याला सम्राटपदाचा मुकुट मिळाला तेव्हा ती शपथ त्याने पुन्हा घेतली. पण जाणे मात्र दरवर्षी पुढे ढकलले जाई. हर्मन यांची आणि त्याची ओळख १२१६ च्या सुमारास झाली, आणि पुढे ते त्याच्या सर्वांत विश्वासातले सल्लागार झाले. दुसरीकडे पोप होनोरियस तिसरे यांचाही हर्मन यांच्यावर लोभ होता. त्यांनी संघाला शंभराहून अधिक सनदा दिल्या आणि संघाला टेम्पलर व हॉस्पिटलर यांच्या बरोबरीचा दर्जा मिळवून दिला.

जुलै १२२५ मध्ये इटलीतील सान जर्मानो या गावी करार झाला. मोंते कासिनो या बेनेडिक्टाइन मठाच्या डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. ऑगस्ट १२२७ पर्यंत क्रूसयुद्धाला निघेन, आणि त्याची हमी म्हणून एक लाख औंस सोने हप्त्याहप्त्याने ठेव म्हणून देईन, असे सम्राटाने कबूल केले. ते सोने कोणाच्या हाती ठेवायचे? ज्या विश्वस्तांची नावे ठरली त्यांत हर्मन होते. सम्राटाचा मित्र असूनही पोपच्या बाजूच्या लोकांनी त्यांना मान्य केले. विश्वास म्हणजे काय हे समजावून सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही. जेरुसलेमच्या राज्याची वारस राजकन्या इझाबेला हिच्याशी सम्राटाचा विवाह जुळवण्यातही हर्मन यांनी पुढाकार घेतला. तो विवाह नोव्हेंबर १२२५ मध्ये ब्रिंडिसी येथे झाला.

ठरल्याप्रमाणे १२२७ च्या उन्हाळ्यात ब्रिंडिसीला सैन्य जमले, पण छावणीत साथ पसरली. थुरिंगियाचे अधिपती लुडविग, म्हणजे संत एलिझाबेथ यांचे पती, ११ सप्टेंबर रोजी ओत्रांतो येथे मरण पावले. वयाच्या विसाव्या वर्षी एलिझाबेथ तीन मुलांसह विधवा झाल्या. स्वतः सम्राटही आजारी पडला आणि माघारी फिरला. जहाजे घेऊन पुढे जाण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली त्यांत हर्मन होते. पण नवे पोप ग्रेगरी नववे यांना आणखी एक सबब ऐकायची नव्हती. २९ सप्टेंबर १२२७ रोजी त्यांनी सम्राटाला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले.

जेरुसलेममधला रविवार

बहिष्कृत असतानाच फ्रेडरिक जून १२२८ मध्ये निघाला आणि सप्टेंबरमध्ये आक्कोला पोहोचला. आता मोठा पेच पडला. बहिष्कृत माणसाच्या हुकमाखाली व्रतस्थ संघांनी लढायचे कसे? टेम्पलर आणि हॉस्पिटलर यांनी नकार दिला. शेवटी असा मार्ग निघाला की हुकूम सम्राटाच्या नावाने न देता देवाच्या आणि ख्रिस्ती जगाच्या नावाने द्यायचे. हर्मन मात्र सम्राटाजवळ राहिले. पोपशी त्यांनी संबंध तोडला नाही आणि सम्राटालाही एकटे सोडले नाही.

१८ फेब्रुवारी १२२९ रोजी सुलतान अल्-कामिल आणि सम्राट यांच्यात दहा वर्षांचा करार झाला. जेरुसलेम, बेथलेहेम आणि नाझरेथ ही स्थळे ख्रिस्ती लोकांच्या ताब्यात आली. जेरुसलेममधील मुसलमानांची पवित्र मशीद आणि तिचा परिसर त्यांच्याकडेच राहिला. एकही लढाई झाली नाही. आणि तरीही दोन्ही बाजूंचे बरेच लोक नाराज झाले. मुसलमानांना हा विश्वासघात वाटला. ख्रिस्ती बाजूला जेरुसलेमचे पॅट्रिआर्क गेरोल्ड यांनी बहिष्कृताने केलेला करार मानायचे नाकारले.

सम्राट १७ मार्चला जेरुसलेममध्ये शिरला. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्तकाळातील रविवार होता. पवित्र कबरीच्या मंदिरात सम्राटासाठी मिस्सा व्हावी असा काही जणांचा आग्रह होता. एवढे पवित्र नगर परत मिळवून दिल्यावर आता बहिष्काराचे काय, असे त्यांचे म्हणणे. हर्मन यांनी सम्राटाला स्पष्ट विरोध केला. पोपनी घातलेला बहिष्कार उठलेला नाही. अशा वेळी मिस्सा करवून घेणे ख्रिस्तसभेच्या हिताचे नाही आणि तुमच्याही हिताचे नाही, असा त्यांचा सल्ला होता. सम्राटाने तो ऐकला. मिस्सा झाली नाही. वेदीवरचा मुकुट त्याने कोणत्याही आशीर्वादाविना उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. त्यानंतर जमलेल्या लोकांना सम्राटाचे निवेदन हर्मन यांनीच समजावून सांगितले आणि घडलेले सारे पोपनाही पत्राने कळवले.

बंधु-भगिनींनो, या प्रसंगावर थोडे थांबू या. विजयाच्या दिवशी, सगळे टाळ्या वाजवत असताना, आपल्याच धन्याला आणि मित्राला नको म्हणणे सोपे नसते. सम्राटाच्या आसपास खुशामत करणारे पुष्कळ होते, पोपच्या आसपास त्याचा द्वेष करणारेही होते. त्याच्यावर प्रेम करून त्याला अडवणारे फार थोडे होते.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला सम्राट आक्कोहून परत निघाला, तेव्हा खाटकांच्या गल्लीतून जाताना लोकांनी त्याच्यावर आतडी आणि मांसाचे तुकडे फेकले. करारामुळे मिळालेले जेरुसलेम १२४४ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, टिकले.

अनाग्नीचे जेवण

इकडे इटलीत पोपच्या सैन्याने सम्राटाच्या राज्यात प्रवेश केला होता. सम्राट परतला आणि त्याने आपला मुलूख पुन्हा मिळवला. आता खरे युद्ध पेटणार असे दिसत होते. पण हर्मन कामाला लागले. पोपकडून सम्राटाकडे, सम्राटाकडून पोपकडे, पुन्हा पोपकडे, असा त्यांचा महिनोन्महिने प्रवास चालला होता. शेवटी जुलै १२३० मध्ये, पुन्हा त्याच सान जर्मानो गावी, समेट झाला. २८ ऑगस्टला सम्राटावरचा बहिष्कार उठवण्यात आला.

१ सप्टेंबर १२३० रोजी अनाग्नी येथे, पोप ग्रेगरी यांच्या घरी, पोप आणि सम्राट एकत्र जेवायला बसले. तीन वर्षे एकमेकांवर पत्रांतून आणि सैन्यातून प्रहार करणारे ते दोघे एका मेजावर होते. तिथे तिसरा एकच माणूस बसला होता : हर्मन फॉन साल्झा. साल्झाच्या चाकरी करणाऱ्या घराण्यातला मुलगा ख्रिस्ती जगातल्या दोन सर्वोच्च सत्ताधीशांच्या मध्ये बसला होता, आणि त्याच्याशिवाय ते जेवण झाले नसते.

प्रशियातली दुसरी बाजू

इथेच हे चरित्र संपवता आले असते तर किती बरे झाले असते! पण खरे सांगायचे तर दुसरी बाजूही सांगायला हवी.

पोलंडमधील माझोव्हियाचा राजपुत्र कॉनराड याने १२२६ च्या सुमारास संघाला मदतीसाठी बोलावले. त्याच्या शेजारी बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर प्रशियन लोक राहत. ते ख्रिस्ती नव्हते. त्यांच्याशी कॉनराडच्या चकमकी चालू होत्या. हंगेरीतला धडा हर्मन यांच्या लक्षात होता. म्हणून यावेळी त्यांनी आधी कागद पक्के केले. जिंकलेली भूमी संघाची होईल, अशी सम्राटाची सनद त्यांनी मिळवली. १२३४ साली पोप ग्रेगरी यांनीही ती भूमी संत पेत्राच्या मालकीची मानून संघाला दिली. दोन्ही धन्यांची मोहोर हाती आली. स्वतः हर्मन तिथे युद्ध करायला गेले नाहीत. त्यांनी हर्मन बाल्क नावाच्या बंधूला पाठवले. १२३१ साली तोरून, त्यापाठोपाठ खेल्मनो, १२३७ साली एल्बिंग अशी ठाणी उभी राहत गेली. १२३७ साली लिव्होनियातील तलवार-बंधूंचा पराभूत संघही ट्युटॉनिक संघात विलीन करण्यात आला.

पण ज्यांची ती जमीन होती, त्या प्रशियन लोकांना कोणी विचारले? हर्मन पोपजवळ बोलले, सम्राटाजवळ बोलले, सुलतानाशी झालेल्या करारात सहभागी झाले. प्रशियन शेतकऱ्याशी बोलायला मात्र संघाने तलवार पाठवली. प्रशियाचे पहिले बिशप ख्रिस्तियन हे सिस्टर्शियन मठवासी होते आणि संघाच्या आधीपासून तिथे सुवार्ता सांगत होते. संघ नवख्रिस्ती लोकांना छळतो आणि बाप्तिस्म्याच्या आड येतो, अशी तक्रार पुढे त्यांनीच पोपकडे नेली. १२४२ साली प्रशियन लोकांनी बंड केले. १२४९ साली पोपच्या प्रतिनिधीच्या मध्यस्थीने झालेल्या ख्रिस्टबुर्गच्या करारात नवख्रिस्ती प्रशियनांचे हक्क लिहून द्यावे लागले. पुढे पुन्हा बंड झाले, ते मोडले गेले, आणि काही शतकांत त्यांची भाषाही बोलणारे कोणी उरले नाही.

ते दिवसच तसे होते, असे म्हणून हे झाकून टाकता येत नाही. कारण त्याच शतकातले संत थॉमस अक्वायनस यांनी स्पष्ट मांडले की ज्यांनी श्रद्धा कधी स्वीकारलेलीच नाही, त्यांच्यावर ती स्वीकारण्याची बळजबरी करता येत नाही. कारण श्रद्धा हे मनाच्या होकाराचे काम आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात माणसाचा हा हक्क ठामपणे सांगितला. आणि १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी, ख्रिस्ती लोकांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीबद्दल, देवाकडे जाहीर क्षमा मागितली. या चरित्रातील प्रशियाचे पान वाचताना ती क्षमायाचना आठवावी असे आम्हांला वाटते.

झावळ्यांचा रविवार, १२३९

१२३० नंतरही हर्मन यांचे समेटाचे काम थांबले नाही. सम्राटाचा मुलगा हेन्री याने बापाविरुद्ध बंड केले, तेव्हा १२३५ साली त्याला शरण येण्यास राजी करण्यात हर्मन यांचा हात होता. उत्तर इटलीतील लोम्बार्ड शहरे आणि सम्राट यांच्यातही त्यांनी पुन्हा पुन्हा बोलणी केली. पण १२३७ साली कोर्तेनुओव्हाच्या लढाईत सम्राटाला मोठा विजय मिळाला आणि त्याची नमते घेण्याची तयारी संपली. शहरांनी बिनशर्त शरण यावे असा त्याने आग्रह धरला. पोपचाही विश्वास उडत चालला.

या सुमारास हर्मन यांची प्रकृती ढासळली. १२३८ साली ते सालेर्नो येथे गेले. तिथले वैद्य आणि तिथले वैद्यकीय विद्यालय सर्व युरोपात नावाजलेले होते. पण उपचारांचा उपयोग झाला नाही. २० मार्च १२३९ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, त्यांनी देह ठेवला. बार्लेट्टा येथील संघाच्या चॅपेलमध्ये त्यांना पुरण्यात आले.

आणि त्याच दिवशी, त्याच झावळ्यांच्या रविवारी, रोममध्ये पोप ग्रेगरी यांनी सम्राट फ्रेडरिकला दुसऱ्यांदा बहिष्कृत केले. यावेळचा तडा सम्राटाच्या मृत्यूपर्यंत, १२५० पर्यंत, सांधला गेला नाही. दोघांमधला माणूस गेला आणि दार बंद झाले. हर्मन जगले असते तर ते उघडे राहिले असते, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. भांडणाची कारणे एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेली होती. पण पुन्हा अनाग्नीसारखे जेवण झाले नाही, एवढे खरे.

त्या भांडणाची झळ एका चौदा वर्षांच्या मुलाला लागली. मोंते कासिनोच्या मठात तो शिकत होता. ज्या डोंगराच्या पायथ्याशी हर्मन यांनी दोनदा समेट घडवला होता, त्याच डोंगरावरचा मठ १२३९ साली सम्राटाच्या सैनिकांनी ताब्यात घेतला आणि त्या मुलाला तिथून निघावे लागले. तो नेपल्सला शिकायला गेला. तिथे त्याला ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान भेटले आणि डोमिनिकन बंधू भेटले. तो मुलगा म्हणजे संत थॉमस अक्वायनस. परमेश्वर माणसांच्या भांडणातूनही आपली वाट काढतो. पण म्हणून भांडण चांगले ठरत नाही.

संघाचे पुढे काय झाले?

संत एलिझाबेथ यांनी पतीच्या मृत्यूनंतर मारबुर्ग येथे गोरगरिबांसाठी इस्पितळ काढले. रुग्णांची सेवा करता करता १२३१ साली वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी त्या वारल्या. १२३४ साली ते इस्पितळ ट्युटॉनिक संघाकडे आले. १२३५ साली पोप ग्रेगरी यांनी त्यांना संतपद दिले. त्यांचे दीर कॉनराड संघात दाखल झाले आणि हर्मन यांच्यानंतर तेच संघप्रमुख झाले. आक्कोच्या शिडाखाली सुरू झालेले रुग्णसेवेचे काम अशा रीतीने संघात टिकले.

तलवारीचे राज्य मात्र टिकले नाही. १४१० साली ग्रुनवाल्डच्या लढाईत पोलंड आणि लिथुआनियाच्या सैन्याने संघाचा मोठा पराभव केला. १५२५ साली प्रशियातील संघप्रमुखानेच झगा उतरवला आणि तो प्रदेश आपल्या घराण्याचे राज्य करून टाकला. विसाव्या शतकात जर्मन राष्ट्रवाद्यांनी या संघाच्या आठवणी आपल्या अभिमानासाठी वापरल्या. पण नाझींनी १९३८ साली ऑस्ट्रियातील खरा संघ बंद करून त्याची मालमत्ता जप्त केली. महायुद्धानंतर संघ पुन्हा उभा राहिला. १९२९ पासून तो लढवय्यांचा राहिलेला नाही. आज त्यात धर्मगुरू, बंधू आणि धर्मभगिनी आहेत. त्याचे मुख्यालय व्हिएन्ना येथे आहे आणि धर्मग्रामसेवा, आजाऱ्यांची व वृद्धांची शुश्रूषा ही त्यांची कामे आहेत. काळा क्रूस अजून आहे, तलवार गेली.

आपल्यासाठी

संत थॉमस यांच्या शिकवणुकीत विवेक हा सद्गुण फार वरच्या स्थानी आहे. नीट विचार करणे, नीट निर्णय घेणे आणि तो अमलात आणणे, असे त्याचे तीन टप्पे ते सांगतात. हर्मन यांच्याजवळ हा विवेक मोठ्या प्रमाणात होता. पण विवेकाला न्यायाची सोबत लागते. समेटाच्या मेजावर ज्याला जागा मिळाली नाही त्याचाही हिशेब न्याय विचारतो. पोपला आणि सम्राटाला एकत्र बसवणारा माणूस प्रशियन शेतकऱ्यासाठी खुर्ची ठेवायला विसरला. म्हणून हर्मन यांचे चरित्र आपल्याला उत्तेजनही देते आणि सावधही करते.

पर्वतावरील प्रवचनात प्रभू येशूने शांती करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. आपल्या घराघरांत वाटणीवरून, बांधावरून, कधी एखाद्या जुन्या शब्दावरून अबोला धरलेली भावंडे आहेत. अशा दोघांच्याही घरी ज्याला चहा मिळतो, असा कोणी तरी आपल्यामध्ये असतो. कदाचित तो तुम्हीच असाल. तो विश्वास देवाने तुमच्या हाती ठेवलेली ठेव आहे, हर्मन यांच्या हाती सोपवलेल्या सोन्यासारखी. ती अंगावर मिरवू नका आणि पुरूनही ठेवू नका. या आठवड्यात एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी एक खेप घाला. आपल्या माणसाचे चुकत असेल तर त्याला प्रेमाने अडवा. आणि समेट करताना घरातल्या सर्वांत दुबळ्याला, ज्याला कोणी विचारत नाही त्या विधवेला, धाकट्याला, भाडेकरूला किंवा मजुराला, बोलायला जागा द्या.

आज मिस्साबलिदानात एकमेकांना शांती देताना, ज्याच्याकडे पाहणे आपण टाळतो त्याची आठवण करू या, आणि हर्मन फॉन साल्झा यांच्या आत्म्यासाठी तसेच ज्यांच्या भूमीवर त्यांच्या संघाने तलवार चालवली त्या अनाम प्रशियन लोकांसाठीही एक प्रार्थना म्हणू या.

आपले धर्मगुरू